पुढचं नाव

टेम्पो सकाळी नऊला आला तेव्हा खाट अजून तिसऱ्या मजल्यावरच होती. "आंटी, तिरछी करके निकलेगी," टेम्पोवाला म्हणाला. त्याने आणि माझ्या नवऱ्याने ती जिन्याच्या वळणावर आडवी-उभी करून पाहिली, एकदा भिंतीला घासली, आणि तिच्या नवारीतून कित्येक वर्षांची धूळ झडली. धुळीबरोबर वास आला. जुन्या सुती पट्ट्यांचा, खोबरेल तेलाचा, कूलरच्या ओल्या वाळ्याचा. मी पायरीवरच बसले. नवऱ्याला वाटलं, गुडघा धरला. मी म्हटलं, हो, गुडघाच.

आठवड्यापूर्वी विलासभाऊंचा मुंबईहून फोन आला होता. "ताई, काकांचा सत्कार करायचं ठरवलंय आम्ही सगळ्यांनी. कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या जुन्या अतिथीगृहात. बाल्कनीतली सगळी पोरं येताहेत." काका म्हणजे माझे वडील. पोरं म्हणजे साठीला टेकलेली, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारी, मागेपुढे शिपाई असलेली माणसं. मग जरा थांबून ते म्हणाले, "आणि ताई, ती खाट आहे का हो अजून? स्टेजवर ठेवायची होती."

खाट होती. फरीदाबादच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती भिंतीला टेकवून उभी असायची आणि थंडीत तिच्यावर रजया ऊन खात पडायच्या. ताई, तुम्ही कशा आहात, असं मात्र विलासभाऊंनी विचारलं नाही. खाटेची चौकशी झाली, पुष्कळ झालं.

ती खाट मूळची आर. के. पुरमच्या क्वार्टरमधली. बाबा एका मंत्रालयात कारकून होते. नागपूरच्या पलीकडच्या एका खेड्यातून दहावीचं सर्टिफिकेट आणि पत्र्याची ट्रंक घेऊन ते दिल्लीला आले, आणि सरकारने त्यांना दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे लांबट बाल्कनी दिली. मी तिथेच जन्मले. आमच्या जिन्यात सगळा देश राहत असे. खालच्या मजल्यावर तमिळ मामींची कॉफी सकाळी सहालाच दरवळायची, वर बंगाली घरात मोहरीच्या तेलात मासे तळले जायचे, समोरच्या गढवाली घरातून तुपात फोडणी दिल्याचा चर्रर्र आवाज यायचा. आमच्या घराची ओळख म्हणजे भाकरी भाजल्याचा खरपूस वास आणि जवसाची चटणी. मामी म्हणायच्या, "आज तुम्हारे यहाँ कोई नया लड़का आया क्या? रोटी की आवाज़ ज़्यादा है."

नया लड़का कायमच आलेला असे. बाबांचं एक म्हणणं होतं. एकट्याने वर येणं म्हणजे येणं नव्हे, पळून येणं. समाजातल्या एका पोराला तरी मागून ओढून आणायचं, नाहीतर विहारात हात जोडायला जायचंच नाही. म्हणून मागच्या बाल्कनीला एका बाजूने प्लायवूड मारलं, दुसऱ्या बाजूला बांबूच्या काड्यांची चिक पडद्यासारखी सोडली, आत खाट टाकली, टेबल टाकलं. विदर्भातून, मराठवाड्यातून एक मुलगा यायचा आणि तिथे राहून परीक्षेचा अभ्यास करायचा. आमच्या घरात 'परीक्षा' म्हटलं की एकच, ती मोठी, जिच्यानंतर माणसाच्या दारात गाडी उभी राहते.

येणारा पोरगा ज्वारीचं पीठ आणायचा, तूरडाळ आणायचा, थंडीत आला तर संत्री. संत्र्यांची सालं आई कूलरच्या टपावर वाळत घालायची आणि तो वास होळीपर्यंत घरात राहायचा. आल्या दिवशी पोरगा बूट काढून दारातच अवघडून उभा राहायचा. आई म्हणायची, "ये बाबू, घर तुझंच आहे." आणि खरंच त्याचं असायचं. त्याच्यासाठी रेडिओ बंद व्हायचा. त्याच्यासाठी आम्ही हळू बोलायचो. रात्रीचं दूध त्याला, बदाम घालून. "तो अभ्यास करतोय," एवढं आईने ओठांवर बोट ठेवून म्हटलं की जिन्यातले पाहुणेसुद्धा चपला हातात घेऊन यायचे.

मुलगा पास झाला की एक विधी असायचा. रविवारी दुपारी जेवण. पातोडीचा रस्सा, भाकरी, शेवयांची खीर. जेवायच्या आधी तो मुलगा आपलं अंथरूण स्वतः गुंडाळायचा, खाटेवर नवी सतरंजी अंथरायचा, कोपरे हाताने सारखे करायचा आणि सगळ्यांसमोर पुढचं नाव सांगायचा. आता या बाल्कनीत कोण येणार, ते जाणाऱ्याने ठरवायचं. हा बाबांचा नियम. इतर घरांत बायका नाव घेतात ते नवऱ्याचं, उखाण्यात. आमच्या घरात पुढच्या पोराचं नाव सांगायचे, आणि उखाण्यापेक्षा जास्त टाळ्या पडायच्या. त्याच दुपारी बाबा पोस्टकार्ड लिहून पेटीत टाकून यायचे आणि महिन्याच्या आत नवे बूट दारात दिसायचे.

विलासभाऊ आले तेव्हा मी नुकती बी. ए. झाले होते. इंग्रजी घेऊन. ते दारात उभे राहिले ते अजून डोळ्यांसमोर आहे. मिशी नुकती राखलेली, शर्टाचं वरचं बटण गळ्याशी लावलेलं. "मले इंग्लिश म्हटलं का घामच फुटते, ताई," हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, पण घरच्या मुलीला ताईच म्हणायचे. बाकी सगळं त्यांचं तोंडपाठ होतं. इतिहास विचारा, राज्यघटना विचारा. पण इंग्रजीचा पेपर सक्तीचा, आणि तिथेच गाडी अडायची. बाबा म्हणाले, "घरात मास्तरीण असताना बाहेर कशाला जायचं?"

मी शिकवायला बसले. माझी एक पद्धत होती, कुणी शिकवलेली नाही. आधी त्यांनी घरी आईला रोज एक पत्र लिहायचं, मराठीत, मनातलं. मग तेच पत्र इंग्रजीत. स्वतःच्या आईला काय सांगायचंय ते माणसाला माहीत असतं, त्यामुळे शब्द शोधायची खरी तहान लागते. चुका मी हिरव्या शाईने दाखवायची, कारण लाल शाई बघितली की ही मोठी मोठी पोरं शाळेतल्यासारखी आक्रसायची. संध्याकाळी शेजारच्यांचं कालचं इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन चिक वर करायची आणि समोरच्या कडुनिंबाला मोठ्याने वाचून दाखवायला लावायची. कडुनिंब हसत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

मे महिन्यात दुपारी लू सुटायची, अंग भाजणारा वारा. कूलर घरघरायचा, वाळ्याच्या ताट्यांतून पाणी टपटप खाली पडायचं, आणि त्या आवाजावर आवाज चढवून विलासभाऊ अग्रलेख वाचायचे. खालून बर्फाचा गोला विकणाऱ्याची घंटा वाजायची. थंडीत आम्ही गच्चीवर बसायचो. मामींची कापलेली लिंबं बरण्यांतून उन्हाला ठेवलेली, कुणाच्या तरी अर्ध्या विणलेल्या स्वेटरचा गुंडा सुटून गच्चीभर गेलेला, शेंगांच्या टरफलांचा ढीग, आणि मध्ये विलासभाऊ माझ्यासमोर उतारे लिहीत बसलेले. 'मले'चं 'मला' कधी झालं, ते मला कळलं नाही. एक दिवस फोनवर ते कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होते आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. एका शब्दावर माझाच हेल होता. मला इतका आनंद झाला की मी आईच्या हातातलं लाटणं घेऊन उगाच ओट्यावर वाजवलं.

कुणाला वाटेल, इथे काही प्रेमाबिमाचं होतं. नव्हतं. मला विलासभाऊ नको होते, मला त्यांची खाट हवी होती.

मला ती बाल्कनी हवी होती. तिचा दिवा हवा होता, तिचं टेबल हवं होतं, माझ्यासाठी ओठांवर गेलेलं आईचं बोट हवं होतं. मी स्वतः पिठाच्या डब्यावर वही ठेवून अभ्यास करायची आणि पोळ्या व्हायची वेळ झाली की डबा उघडायला लागायचा. मी बाबांना सांगितलं होतं, मलाही परीक्षेला बसायचंय. बाबा रागावले नाहीत. ते कधीच रागावायचे नाहीत, हीच तर पंचाईत. म्हणाले, "बसशील की. यंदा विलासचं इंग्रजी पार करून दे. एक वर्षाचा तर प्रश्न आहे. आणि बेटा, तू तर दिल्लीतच आहेस. तू पोचलेलीच आहेस. त्यांना अजून यायचंय."

त्यांच्या डोक्यात अंतर एकच होतं, गाव ते दिल्ली. ते त्यांनी स्वतः तोडलं होतं, रेल्वेच्या जनरल डब्यात उभ्याने. त्याच्या पुढे आणखी काही अंतर असतं, दिल्लीत जन्मूनही माणूस वाटेतच उभा राहू शकतो, हे त्यांना सुचलंच नाही. मलाही तेव्हा सुचलं नाही. मी पोचलेली आहे या गोष्टीचा मला उलट अभिमानच वाटला.

विलासभाऊंनी मला शब्द दिला होता. जानेवारीतली दुपार, गच्चीवर, शेंगा सोलता सोलता. "माझं झालं की मी तुमचंच नाव सांगतो, ताई. बघाच तुम्ही." मी म्हटलं, मुलीचं नाव आजवर कुणी सांगितलं नाही. ते म्हणाले, "मग मी सांगतो. शब्द."

निकाल लागला. विलासभाऊ पास झाले आणि इंग्रजीतही छान झाले. त्या रविवारी क्वार्टरच्या रस्त्यावर अमलतास, आपला बहावा, पिवळाधमक लोंबत होता. मी शिकेकाईने केस धुतले, आकाशी रंगाच्या सलवार-कमीजला कडक इस्त्री केली. आदल्या दिवशीच माझी पुस्तकं मी एका पेटीत भरून पलंगाखाली सरकवून ठेवली होती, उचलून बाल्कनीत न्यायला सोपी पडावीत म्हणून. टेबलावरच्या दिव्यासाठी एक बल्बसुद्धा आणला होता. कुणाला सांगितलं नव्हतं.

विलासभाऊंनी अंथरूण गुंडाळलं. सतरंजी अंथरली. कोपरे सारखे केले, मग पुन्हा केले. मी दारात उभी होते, अगदी त्यांच्या समोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांकडे पाहून म्हणाले, "माझा चुलतभाऊ, प्रकाश."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप चालतात. आईने माझ्या हातात पळी दिली. "खीर वाढ गं." मी वाढली. विलासभाऊंना दोनदा वाढली. मान वर न करता ते म्हणाले, "पुरे, ताई."

पुस्तकांची पेटी पलंगाखालीच राहिली. महिन्याभरात प्रकाश आला. तो दारात बूट काढून अवघडून उभा राहिला आणि मी हिरवी शाई भरली. काय करणार? समोर चुकीचं इंग्रजी दिसलं की माझा हात थांबत नाही. तो गेला, पुढचा आला. माझं लग्न होऊन मी फरीदाबादला आले, तर पोरं रविवारी बस बदलत माझ्याकडे येऊ लागली. विलासभाऊ धरून माझ्या हाताखालून गेलेले एकूण अकरा जण. नापास एकही नाही. विलासभाऊंनी मला दगा दिला, एवढं एक वाक्य मी मनाशी धरून ठेवलं होतं. त्याने बरं वाटायचं. कुणाचा तरी राग करायला मिळाला की बाकीची माणसं चांगली राहतात.

पोरं मोठी झाली. बाबा रिटायर झाले आणि खाटेसकट आमच्याकडे राहायला आले. नवा वेतन आयोग लागला की त्यांच्याकडून पेढे यायचे, आईच्या फोटोपुढे ठेवायला आणि बाबांच्या तोंडात घालायला. मी गेली सव्वीस वर्षं फरीदाबादच्या एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवते. ठेक्यावर. दर एप्रिलला मला नवं नेमणूकपत्र मिळतं, जणू मी कालच आले. मे-जूनमध्ये वर्गात मुलं नसतात, म्हणून मीही नसते, म्हणून पगारही नसतो. मुलगी तेजू नोएडात एका कंपनीत कामाला जाते. तिथे पक्क्या लोकांच्या गळ्यात निळी फीत आणि ठेक्यावरच्यांच्या गळ्यात करडी, टेबल मात्र एकच. तिची करडी आहे. विलासभाऊंचा मुलगा टोरोंटोत आहे, प्रकाशची मुलगी हॉलंडला. आणि आमच्या घरात, सांगायला लाज वाटते, आज सगळ्यात भरवशाची मिळकत बाबांच्या पेन्शनची आहे. तीन पिढ्यांत सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाची. कधीकधी वाटतं, दिल्लीला आम्ही गाडीत उलट्या तोंडाने बसून आलो. सगळे पुढे चाललेत, आम्हाला मागचंच दिसतंय.

आर. के. पुरमची ती क्वार्टरं पाडताहेत म्हणे. मी बघायला गेले नाही.

सत्काराचा हॉल थंडगार होता. खाट आमच्या आधी पोचली होती. स्टेजच्या मधोमध, झेंडूच्या माळा घातलेली, वरून दिवा सोडलेला. तिच्या शेजारच्या सोफ्यावर बाबा, शहाऐंशी वर्षांचे, कोटाची बटणं लावून. मी तिसऱ्या रांगेत, मांडीवर त्यांच्या गोळ्यांची डबी आणि पाण्याची बाटली. शेजारी तेजू मोबाइलवर शूटिंग करत होती. एकेक पोरगा उठून बोलला. काकांनी घडवलं, काकांनी वाट दाखवली, काका नसते तर. सगळं खरंच होतं. बाबांचे डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते आणि ते पाहून माझेही येत होते, खोटं कशाला बोलू?

शेवटी विलासभाऊ उठले. मराठीत सुरुवात करून ते इंग्रजीत गेले, आणि काय सुरेख गेले. स्वच्छ, सावकाश, कुठे थांबायचं ते माहीत असलेलं इंग्रजी. ते कडुनिंबासमोर शिकलेलं इंग्रजी होतं. मी ताठ बसले. मला वाटलं, आता. "आणि आमच्या ताईंना कसं विसरणार?" ते परत मराठीत आले. "परक्या शहरात त्यांच्या हातच्या गरम भाकरीने आम्हाला आईची आठवण येऊ दिली नाही!"

टाळ्या पडल्या. लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

भाकरी आई करायची. मला आजही भाकरी थापता येत नाही, कडा फाटतात.

तेजूने मोबाइल खाली केला. "आई, पण तू तर इंग्लिश शिकवायचीस ना, यार? ये क्या बोल रहे हैं?" मी म्हटलं, शूटिंग कर.

नंतर बाहेरच्या व्हरांड्यात चहा होता. हिरवळीवर नोव्हेंबरचं मऊ ऊन, कढईत बटाटेवडे, पांढऱ्या कपड्यातले वाढपी. विलासभाऊ कप घेऊन माझ्याकडे आले.

"ताई, रागावलात?"

"भाकरी आई करायची, विलासभाऊ."

ते हसले. मग हसू गेलं. "मला तुम्हाला एक सांगायचंय. पुढच्या महिन्यात रिटायर होतोय, आता मनात ठेवून काय करू? त्या रविवारी मी तुमचंच नाव सांगणार होतो. आदल्या दिवशी काकांना तसं बोललो. ते म्हणाले, प्रकाशचं सांग."

मी कप बशीत ठेवला. "का म्हणाले तसं?"

"ते मी विचारलं नाही. वर्षभर त्यांचं अन्न खाल्लं होतं, ताई. त्यांचा शब्द कसा मोडणार?"

"आणि मला दिलेला?"

त्यांनी चहावरची साय चमच्याने बाजूला केली आणि पुढच्याच श्वासात म्हणाले, "तेजू सध्या काय करते? म्हणजे, माझी नात आहे टोरोंटोला, सात वर्षांची. मराठीचा एक शब्द येत नाही हो. आपल्याकडे संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, दोन तास, ऑनलाइन, आठवड्यातून चार दिवस. घरचं माणूस असलं की बरं. आत्ताच तेजूला विचारलं, तर म्हणाली, आईला विचारून सांगते."

संध्याकाळचे तेच दोन तास तेजूचे स्वतःचे आहेत. ऑफिसातून आल्यावर, आजोबांचा टीव्ही चालू असताना, कानात कापूस घालून ती परीक्षेचा अभ्यास करते. दोन वर्षं झाली. बाल्कनी नाही, बदामाचं दूध नाही. मी म्हटलं, सांगते.

पण खरं तर मी त्यांचं ऐकतच नव्हते. इतकी वर्षं ज्या माणसाचा राग करून मी बाबांना चांगलं ठेवलं, तो माणूस समोर उभा राहून वडा खात होता आणि त्याचा गुन्हा अर्धाच निघाला होता. उरलेला अर्धा स्टेजवर शाल पांघरून बसला होता. त्या माणसाची नखं मी कापते. त्याच्या गोळ्या कुटून मधात देते. मला त्या क्षणी लुबाडल्यासारखं वाटलं, भरदिवसा, इतक्या लोकांत.

परत येताना टॅक्सीत तेजू पुढे बसली, मी आणि बाबा मागे. मथुरा रोडला नेहमीची गर्दी होती, गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. बाबांच्या मांडीवर मानपत्र होतं, नारळ होता. जत्रेहून परतणाऱ्या मुलासारखे ते खूश होते. "सगळे आले," ते दोनदा म्हणाले. "अकराही आले." मग माझ्याकडे वळले. "विलास बोलला का तुझ्याशी? नातीचं?"

"बोलले."

"मग? हो म्हटलंस ना?"

मी म्हटलं, "बाबा, विलासभाऊंनी तुम्हाला माझं नाव सांगितलं होतं?"

मला वाटलं होतं, ते म्हणतील आठवत नाही. शहाऐंशीव्या वर्षी तो माणसाचा हक्क आहे, आणि ते तसं म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. पण ते लगेच म्हणाले, "सांगितलं होतं की. आदल्या संध्याकाळी, दुधाच्या बूथवर. रांगेत उभे होतो आम्ही."

"मग तुम्ही नको का म्हणालात?"

ते माझ्याकडे आश्चर्याने बघत राहिले. इतकं साधं मला कसं समजत नाही, असं. मग त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला. "अगं, तू बाल्कनीत बसली असतीस तर त्या पोरांना शिकवलं कोणी असतं? तुझ्यासारखं शिकवणारं होतं कोण दिल्लीत? फार तर एक तू पास झाली असतीस. तू होतीस म्हणून अकरा झाले."

दिवसभरातल्या सगळ्या भाषणांत माझं खरं कौतुक तेवढंच झालं.

माझ्यात काय कमी होतं, हे मी कितीतरी वर्षं शोधत होते. मुलगी म्हणून? रंगाने, वागण्याने, हुशारीने? रात्र रात्र मी स्वतःला तपासलं आहे, एकेक ओळ, हिरव्या शाईने. कमी काही नव्हतं. मी चांगली होते म्हणूनच मला ठेवून घेतलं. आणि हे सांगताना बाबांचा हात उबदार होता, आणि त्यांचं माझ्यावर प्रेम आहे याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. शंका असती तर सोपं गेलं असतं.

तेजू पुढच्या सीटवरून वळली. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्या मानेवरून कळत होतं. "आई, विलास अंकलचा मेसेज आलाय. मंगळवारपासून स्टार्ट करायचं का विचारताहेत. क्या बोलूँ?"

"नाही सांग."

"म्हणजे मंगळवार नको?"

"मंगळवार नको आणि बुधवारही नको. जमणार नाही म्हणून सांग."

बाबांनी हात काढून घेतला. "का गं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "एवढंसं पोर आहे ते. त्याला आपली भाषा येत नाही. आपल्या घरात शिकवणारी आहे. मग नाही का?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. मला समजावून सांगता आलं असतं, सावकाश, एकेक पायरी घेत, समोरच्याला लाज न वाटू देता. ते मला चांगलं जमतं. तेजू मोबाइलवर अंगठा धरून माझ्याकडे बघत होती.

"पाठव," मी तिला म्हटलं, आणि बाबांना न कळलेलं तसंच राहू दिलं.